दादाचे दोन कॅन्सर

माझा मोठा भाऊ मंडपवाला होता. बोनकोडे गावात आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात ताडपत्र्या, लोखंडी पाइप, रंगीत झालरी, खुर्च्यांच्या चवडी आणि अख्ख्या आळीचा रस्सा मावेल एवढे टोप ठेवलेले असायचे. शेती होती तोवर वडील भात करायचे. पुढे जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतल्या, मागे घर आणि घराभोवतीची जागा तेवढी राहिली. त्या जागेवर दादाने बिल्डिंग बांधली. खाली भाडेकरू, मधल्या मजल्यावर आई, वर दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. मी शिकलो, कॉलेजात नोकरीला लागलो आणि नेरूळला फ्लॅट घेऊन राहिलो. तरी रविवारी बोनकोड्याला जेवायला जायचं हे ठरलेलं होतं, आणि ते दादामुळे.

दादाला खाण्याचं आणि खाऊ घालण्याचं वेड होतं. आमच्या लोकांत हळद ही लग्नाहून मोठी असते. घणसोलीपासून दिवाळ्यापर्यंत कुठल्याही गावात हळद असली की मंडप बहुतेक दादाचा, आणि मंडप बांधून झाला की तो घरी परतायचा नाही, स्वयंपाक्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचा. आई आमची लग्नात धवले गायची, म्हणजे लग्नविधी चालू असताना म्हणायची जुनी गाणी. त्यामुळे आमच्या घरातलं कोणी ना कोणी लग्नसराईत रोज कुठल्या तरी मांडवात असायचंच.

एका वर्षी दिवाळे गावातल्या एका हळदीला झालर बांधताना दादाला चक्कर आली. तो शिडीवर होता. पाइप धरून तसाच खाली बसत आला म्हणून वाचला. कामगारांनी पाणी पाजलं, लिंबू सरबत दिलं. ऊन लागलं असं सगळे म्हणाले. पण नंतरही तो जिना चढताना मधल्या मजल्यावर आईकडे थांबायला लागला. आईला वाटायचं, लेकाला आपली आठवण यायला लागली. तो दम खात असायचा.

वहिनीनेच त्याला दवाखान्यात नेलं. रक्त फार कमी निघालं. एवढ्या खात्यापित्या माणसाचं रक्त कुठे जातंय हे शोधता शोधता मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून बघितलं, आणि उजव्या बाजूला गाठ सापडली. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर होता.

मग सीटी स्कॅन झाला. बेलापूरच्या एका हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. दादा, वहिनी आणि मी. बाई शांत बोलायच्या, पण गोल गोल बोलायच्या नाहीत.

"आतड्यातली गाठ आहेच," त्या म्हणाल्या. "पण जठराला लागून आणखी एक गाठ दिसतेय. लिंबाएवढी. आतड्याचा कॅन्सर तिथे पसरला असेल, तर आपण आधी ऑपरेशन करणार नाही."

"मग काय करनार?" दादाने विचारलं.

"केमो. आजार दाबून ठेवायचा, जेवढा दाबता येईल तेवढा."

"बरा नाय होनार?"

"पसरला असेल तर पूर्ण बरा होणं कठीण असतं. पण मला त्या दुसऱ्या गाठीचा तुकडा घेऊन बघायचाय. ती जरा वेगळी वाटतेय."

शेवटचं वाक्य आम्ही कोणी ऐकलंच नाही. गाडीत दादा पुढच्या सीटवर बसला होता. पामबीच रोडवरून जाताना तो म्हणाला, "आईला सांगू नका. अल्सर हाय म्हना." एवढंच. घरी आल्यावर त्याने पुढच्या सीझनच्या दोन-तीन लोकांना फोन करून मंडप दुसऱ्याकडून घ्या असं सांगितलं. कारण विचारणाऱ्याला म्हणायचा, "माल जुना झालाय माजा." शेडमध्ये जाऊन तो खुर्च्या पुसत बसला. वहिनी स्वयंपाकघरात उभी होती, गॅस न पेटवता.

तुकडा घ्यायला तोंडातून दुर्बीण घातली आणि सुईने आतून गाठीला टोचलं. रिपोर्टला वेळ लागला. बाई म्हणाल्या होत्या की त्या तुकड्यावर खास तपासण्या कराव्या लागतील. आम्ही त्या दिवसांत कसे जगलो ते सांगण्यासारखं नाही. दादाला तेव्हा दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तो जेवत होता, आणि जेवताना आम्ही सगळे त्याच्या ताटाकडे बघत होतो.

रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "जठरातली गाठ आतड्यातल्या कॅन्सरची नाही," त्या म्हणाल्या. "तो दुसराच आजार आहे. त्याला जिस्ट म्हणतात. जठराच्या भिंतीत तयार होणारा, वेगळ्या जातीचा कॅन्सर. याचा त्याच्याशी संबंध नाही."

"एका मानसाला दोन?" वहिनीने विचारलं.

"होतं असं. बहुतेकदा एका कॅन्सरचा तपास करताना हा अचानक दिसतो. नाहीतर कित्येक वर्षं कळतही नाही."

दादा पुढे सरकला. "म्हंजे पसरलेला नाय?"

"या रिपोर्टवरून तरी नाही. दोन्ही काढता येतील. एकाच ऑपरेशनमध्ये."

वहिनी रडायला लागली. दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाला, "दोन हायत म्हनून रडतेय की पसरला नाय म्हनून, ते तिचं तिलाच म्हाईत." बाई हसल्या. आम्ही बाहेर आलो तर दादाने गाडी नेरूळकडे घ्यायला लावली आणि स्टेशनजवळच्या एका हॉटेलात सुरमईची थाळी मागवली. माझी पुतणी ऑफिसातून थेट तिथे आली. तिला सगळं सांगितल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, लोक पोरगी पास झाली की पार्टी देतात. तुमी दोन कॅन्सर झाले म्हणून देताय." आम्ही सगळे हसलो. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, इतके हसलो. दादाने सोलकढी दोनदा मागवली. माझ्या भावाला दोन कॅन्सर आहेत याचा आम्हाला त्या दुपारी खरोखरच आनंद झाला होता. आता ते कोणाला सांगितलं तर विचित्र वाटेल.

ऑपरेशन मोठं झालं. आतड्याचा एक भाग आणि जठराचा एक तुकडा काढला. दादा हळूहळू उठून बसला, चालायला लागला. मग काढलेल्या गाठींचे रिपोर्ट आले आणि ते आम्हाला हवे होते तसे नव्हते. आतड्याच्या शेजारच्या काही ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला होता, त्यासाठी केमो लागणार होती. आणि जठरातली गाठ लहान असली तरी तिच्या पेशी भराभर वाढणाऱ्या होत्या. ती परत येऊ नये म्हणून काही वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागणार होती.

"मग दोन्ही चालू करा," दादा म्हणाला. "एकदम मारून टाका दोघांना."

"एकदम नाही देता येत," बाई म्हणाल्या. "एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, आणि दोन्ही औषधं एकत्र दिली तर तुमच्या रक्तातल्या पेशी इतक्या खाली जातील की साध्या तापाने जीव जाईल. ज्याचा धोका जास्त, त्याला आधी. तो आतड्याचा. ते झालं की गोळी."

दादा उठून बाहेर आला. जिन्यात मला म्हणाला, "एकाला मारेपर्यंत दुसरा काय बसून रानार हाय?"

केमोने दादाला थंडी सोसेनाशी झाली. थंडी म्हणजे हवेतली नव्हे. फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांना करंट लागल्यासारखं व्हायचं. गार पाणी घशाखाली उतरताना काचेसारखं लागायचं. दिवाळ्याच्या एका कोळणीने त्याच्यासाठी म्हणून जिताडा पाठवला होता, बर्फात ठेवून. पिशवी घ्यायला दादाने हात पुढे केला आणि ओरडून मागे घेतला. मासा खाली पडला. वहिनीने तो उचलून धुतला, कालवण केलं. दादाने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "लोखंडाची चव लागते." उरलेलं कालवण आईने खाल्लं. खाताना ती वहिनीला टोचून बोलत होती. अल्सरवाल्या माणसाला एवढं तिखट कोण देतं, असं तिचं म्हणणं होतं.

आईला खरं माहीत नव्हतं, त्यामुळे सगळा राग वहिनीवर निघायचा. दादा वाळत चालला तो सून नीट खायला घालत नाही म्हणून, असं तिने गावभर केलं. वहिनीने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी तिला म्हटलं, "वहिनी, सांगून टाकूया आईला." ती म्हणाली, "नको भाऊजी. मना बोलते तोवर बरी हाय ती. कललं तर बोलाची पन नाय."

केमो संपली. गोळी सुरू झाली. गोळीने दादाच्या डोळ्यांखाली सूज यायची, सकाळी उठला की झोप न झाल्यासारखा दिसायचा. पण ती गोळी त्याला मानवली. केस दाट झाले, केमोने आलेल्या हाताच्या मुंग्या कमी झाल्या, पायाच्या मात्र राहिल्या. त्याने पुन्हा ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. शिडीवर चढायचा नाही, खाली खुर्ची टाकून कामगारांवर ओरडायचा. एका रविवारी त्याने स्वतः मटण केलं आणि मला दोनदा वाढलं. ते बरे दिवस किती टिकले ते मी मोजलेलं नाही. एक लग्नसराई पूर्ण गेली एवढं आठवतं.

मग नेहमीच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर ठिपके दिसले.

बाईंनी स्कॅन पडद्यावर दाखवला. काळसर गोल, तीन-चार. आता आम्हाला एवढं ज्ञान आलं होतं की पहिला प्रश्न मीच विचारला. "हे कुठल्याचे?"

"दोन्ही आजार लिव्हरला जाऊ शकतात," त्या म्हणाल्या. "बघून नाही सांगता येणार. तुकडा घ्यावा लागेल."

जिस्टचे असले तर गोळीचा डोस वाढवता येतो, दुसऱ्या गोळ्या आहेत, माणसं त्यावर बरीच वर्षं काढतात. आतड्याचे असले तर पुन्हा केमो, आणि तिचाही फार उपयोग होणार नाही. हे त्यांनी सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की दादा गोळी घेत असताना हे आलेत, म्हणून त्यांना स्वतःला आतड्याची भीती जास्त वाटते. पण वहिनीने पहिला अर्धाच भाग धरून ठेवला. ती गावदेवीला गेली आणि तिने मागणं मागितलं की माझ्या नवऱ्याच्या लिव्हरमध्ये जठराचाच कॅन्सर असू दे. मी सोबत होतो. ओटी भरताना ती ते पुटपुटत होती आणि मला ऐकू येत होतं. देवीसमोर उभं राहून असलं काही मागायची वेळ कोणावर येऊ नये.

ते आतड्याचेच निघाले.

केमो परत सुरू करायची म्हणून जिस्टची गोळी थांबवावी लागली. दादाने विचारलं, "आनी तो दुसरा?" बाई म्हणाल्या, "त्याच्यावर लक्ष ठेवू. सध्या याच्याकडे बघणं भाग आहे." लक्ष ठेवणं म्हणजे काय ते आम्हाला पुढच्या स्कॅनला कळलं. लिव्हरमधल्या गाठी केमोला न जुमानता वाढल्या होत्या. आणि जठराच्या जुन्या जागेभोवती, पोटाच्या पडद्यावर, नवे दाणे आले होते.

"हे जिस्टचे ना?" मी म्हटलं. "गोळी बंद केली म्हणून आले. मग गोळी चालू करूया."

बाई खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाल्या, "असतील. किंवा आतड्याचे असतील. तपासता येईल. पण त्यांच्या शरीरात आता दोन्हीपैकी एकही औषध सोसायची ताकद नाही. ते कुठले आहेत हे शोधून त्यांचं काही बदलणार नाही."

दादा व्हीलचेअरवर होता. त्याने ऐकलं. तो म्हणाला, "म्हंजे नाव विचाराची पन गरज नाय." बाईंनी मान हलवली. त्यांनी दादाचा हात धरला आणि घरी ठेवा, दुखणार नाही एवढं बघू, असं सांगितलं. निघताना दादाने त्यांना नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बाहेर पुढचा पेशंट बसला होता.

घरी दादाच्या पोटात पाणी भरायला लागलं. ते काढून आणलं की थोडे दिवस श्वास घेता यायचा, मग पुन्हा पोट टम्म. खाणं जवळजवळ बंद झालं. पाण्यानंही उलटी व्हायची. खालच्या भाडेकरूंनी त्याच्या आजारपणामुळे मासे तळणं बंद केलं होतं. दादाला कळल्यावर त्याने पुतणीला खाली पाठवलं. "त्यांना सांग, तला म्हनावं. मी मेल्यावर तरी तलनारच हायत ना." पुतणी खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. जिन्यात बसून रडत होती.

आई अजून जिने चढून येत होती. तांदळाची पेज करून आणायची, चमच्याने त्याच्या तोंडाला लावायची. तो तोंड फिरवायचा. एका सकाळी मी तिथे असताना तिने वहिनीला पुन्हा काहीतरी सुनावलं, की हिने औषधं नीट दिली नाहीत. तेव्हा दादा बोलला. आवाज बारीक झाला होता.

"आये, तिला बोलू नको. मना कॅन्सर हाय. दोन हायत. दोन वर्सां झाली."

आईने चमचा वाटीत ठेवला. वहिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही कोणी नाकारलं नाही. मला वाटलं ती ओरडेल, छाती पिटेल. मयतीला गावातल्या बायकांना सावरणारी बाई ती. तिने वाटी बाजूला सारली. मग मला विचारलं, "ते माज्या पोटातनं आलं का रं त्याला?"

"नाही आई," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या तसं नसतं." बाईंनी इतकं स्पष्ट काही म्हटलं नव्हतं. कशामुळे झालं हे सांगता येत नाही, असं म्हटलं होतं.

"मंग दोन कसं आलं? एक आला तर आला. दोन?"

त्यानंतर ती वहिनीला कधी बोलली नाही. वहिनी म्हणाली होती तसंच झालं. कोणाशीच बोलली नाही.

दादा दुपारी गेला. वहिनी त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होती, मी खिडकीशी होतो. शेवटचे दोन दिवस तो भानावर नव्हता, त्यामुळे काही बोलणं झालं नाही. मी मनात जुळवून ठेवलं होतं की त्याला अमुक सांगायचं, तमुक विचारायचं. त्यातलं काही झालं नाही. एक लांब श्वास आला, मग पुढचा आलाच नाही. वहिनीने कापूस खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेले."

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने शेडमधला सगळा माल घणसोलीच्या एका मंडपवाल्याला देऊन टाकला. तिने एकदा मला विचारलं, "भाऊजी, दोनातल्या कनच्यानं नेला त्यांना?"

मी म्हटलं, "माहीत नाही. बहुतेक लिव्हरमधल्या, आतड्याच्या कॅन्सरने."

"आनी तो दुसरा नसता तर वाचले असते?"

"नसते बहुतेक."

"आनी हा नसता तर?"

आतड्याचा नसता तर दादा कदाचित वाचला असता, पण तो नसता तर जठरातला सापडलाही नसता. हे तिला सांगून काय मिळणार होतं? ती उठून चहा टाकायला गेली. आई आता घराबाहेर पडत नाही. लग्नांची बोलावणी येतात, धवले म्हणायला या म्हणून लोक दारात येतात. ती नुसती मान हलवते आणि ते परत जातात.

कामानिमित्त बेलापूरला गेलो होतो तेव्हा डॉक्टरबाईंना भेटून आलो. त्यांनीच विषय काढला. आतड्याचा कॅन्सर भावाला झाला असेल तर तुम्ही तपासून घ्या, आणि त्यांच्या मुलीनेही वयाच्या मानाने लवकर सुरुवात करावी, असं म्हणाल्या. जिस्टसाठी तशी काही तपासणी करून ठेवता येत नाही. तो बहुतेक घराण्यात चालत नाही, त्यांनी सांगितलं. 'बहुतेक' हा शब्द मी घेऊन आलो.

मी तपासणी करून घेतली. आतड्यात एक लहानसा कोंब, म्हणजे पॉलिप, होता, तो त्यांनी काढला. कॅन्सर नव्हता. काही वर्षांनी परत या, म्हणाले. बायकोने घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी जेवून तसाच आडवा झालो आणि पोटावर हात ठेवून पडून राहिलो. आत काय चाललंय ते कळत नाही. दादालाही चक्कर येईपर्यंत कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुतणीला फोन केला आणि तिला सगळं सांगितलं, कुठे जायचं, काय करायचं ते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काका, समजा नॉर्मल आलं. तर मी सुटले का?"

मी म्हटलं, "निदान एकातून तरी."

"बघते," ती म्हणाली. "आता ऑफिसात टेन्शन आहे खूप. नंतर बघते."

ती अजून गेलेली नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.